तापवलेली खोली

मोहिनी भोयर लग्न होऊन देवळीत आली ती समुद्रपूरकडून. सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं शेवयांची मशीन टाकली, आणि मार्च लागला की तिच्या दारात बायकांची रीघ लागायची. कोणाकडे लग्न आहे, कोणाची लेक बाळंतपणाला येणार आहे, हे मोहिनीला आधी कळायचं, कारण त्या अंदाजानं रव्याचे डबे यायचे. उन्हाचं तिला कधी काही वाटलं नाही. भर दुपारी डोक्यावर ओला दुपट्टा टाकून अंगणातल्या खाटांवर शेवया वाळत घालणारी मोहिनी साऱ्या गल्लीच्या ओळखीची होती.

तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. थोरली आकांक्षा लग्न होऊन वर्ध्याला गेली होती, आणि धाकटा धीरज पोलीस भरतीची तयारी करत होता. कैलासचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, फवारणी पंप आणि इंजिनं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामागच्या पटांगणावर धीरज रोज उजाडायच्या आत धावायचा. त्या दिवशी मात्र मित्राच्या हळदीचं जागरण झालं होतं, सकाळी त्याला जाग आली नाही. दिवस वाया गेला म्हणून तो दुपारभर घरात चिडचिड करत राहिला, आणि ऊन उतरायच्या आधीच बूट घालून निघाला. मोहिनी मशीनवर होती. मान वर न करताच ती म्हणाली, "पाणी पिऊन जाजो." तो हो म्हणाला. पाणी पिऊन गेला की तसाच गेला, ते तिनं पाहिलं नाही.

पटांगणाच्या कडेला पडलेला तो बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिसला. किती वेळ पडून होता, कोणालाच सांगता आलं नाही. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, बर्फ लावला, सलाईन लावल्या. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. तरी धीरज गेला.

त्याला काही कळलं नसेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्यांनीही तेच म्हटलं. मोहिनी मान हलवायची. पण डॉक्टरांना दवाखान्यातलं ठाऊक होतं. पटांगणावरचं ठाऊक असलेलं कोणीच नव्हतं. तो पडला तेव्हा शुद्धीवर होता का? उठायचा प्रयत्न केला का? त्यानं हाक मारली असेल तर कोणाला मारली? लहानपणी ताप आला की हा मुलगा "आई, आई" करून घर डोक्यावर घ्यायचा. तिची खात्री होती की त्यानं तिलाच हाक मारली असणार. ही खात्री तिला जाळायची, आणि हीच तिला धरूनही ठेवायची. शेवटच्या घटकेला तो आपल्यापाशी होता, एवढं तरी तिच्याकडे होतं.

मशीन तिनं शेजारच्या रुख्माबाईला देऊन टाकली. उष्णता तिला सोसेनाशी झाली. स्वयंपाक ती उजाडायच्या आत उरकायची, आंघोळ थंड पाण्यानं, आणि दिवाळीनंतरही घरात पंखा फिरत असायचा. कैलास शाल पांघरून गप बसून राहायचा. दोघांत भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. धीरजचं नाव त्या घरात कोणी घेत नव्हतं. हळूहळू तिचा उजवा खांदा जखडला. आधी वेणी घालता येईना, मग फळीवरचा डबा काढता येईना. हाडाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला, तो तिनं केला नाही.

मागच्या डिसेंबरात ती आकांक्षाकडे गेली होती. बोलता बोलता आकांक्षा म्हणाली की आर्वी नाक्याकडे एक नवा योगवर्ग निघालाय, तिथं खोली तापवून आसनं करून घेतात, तिच्या ऑफिसातल्या एकीची पाठ त्यानं मोकळी झाली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि ती चहाचे कप उचलून आत गेली. मोहिनी तिच्यामागे आत गेली.

"किती तापवतात?" तिनं विचारलं.

"राहू दे ना आई. चुकून बोलली मी."

"किती तापवतात, ते सांग."

अडतीस, कधी चाळीसपर्यंत, असं आकांक्षानं सांगितलं. मोहिनीनं कप विसळून पालथे घातले. पण देवळीला परतताना बसमध्ये तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. अशी एक जागा आहे, जिथं माणूस आपल्या पायानं उष्णतेत जातो आणि परत बाहेर येतो. तिथं काय काय होतं ते बाहेर येऊन सांगता येतं.

जावं की नाही, हे ठरायला जानेवारी उजाडला. कधी वाटायचं, हे वेड आहे, लोक काय म्हणतील. ज्या उष्णतेनं लेक नेला तिच्या दारात आपणहून जायचं, ही कसली आई. आणि भाजी चिरताना, अंगण झाडताना एकदम वाटायचं की गेल्याशिवाय सुटका नाही. रुख्माबाईला तिनं वर्गाचं अर्धवट सांगितलं. रुख्माबाई हसून म्हणाली, मे महिन्यात आपल्या टिनाखाली येऊन बसा म्हणा त्याईले. मोहिनीही हसल्यासारखं करून घरात आली.

शेवटी ती एका सकाळी आकांक्षाला न कळवता वर्ध्याला गेली आणि वर्ग शोधून काढला. शिकवणारी मयुरी नागपूरची, तिशीतली, केस आवरून बांधलेली. तिनं मोहिनीला बसवून रक्तदाब पाहिला, छातीचा, साखरेचा त्रास आहे का ते विचारलं. मग नव्या माणसानं काय पाळायचं ते समजावून सांगितलं. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं, भरल्या पोटी यायचं नाही, जागा दाराजवळ धरायची, आणि जमेनासं झालं की लाज न बाळगता चटईवर बसायचं. तसं पाहिलं तर खांद्यासाठी साधा वर्गही पुरेल, असंही ती म्हणाली.

"जमत नाही, हे समजते कसं?" मोहिनीनं विचारलं.

"डोकं हलकं होतं, मळमळतं, कान वाजतात. तेव्हाच थांबायचं."

"अन् नाही थांबलं तर?"

मयुरीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "माझ्या वर्गात मी थांबवते, काकू. त्याच्या पुढं कोणाला जाऊ देत नाही."

मोहिनीनं खांद्याचंच कारण सांगितलं आणि सोमवारपासून येते म्हणाली.

घरी कैलासला सांगावंच लागलं. तो जेवत होता. ऐकून त्याचा हात ताटातच राहिला.

"खांद्यासाठी चालली काय तू?" त्यानं विचारलं.

ती पोळी आणायला उठली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. सोमवारी ती निघाली तेव्हा दुकानाला कुलूप लावून तो बस स्टँडवर उभा होता.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात तो बाकावर बसला आणि ती आत गेली. खोली लांबट, खिडक्या बंद, भिंतींवर लाल तारांचे हीटर. रबरी चटयांचा आणि घामाचा वास कोंडला होता. सातआठ बायका आणि दोन पुरुष आपापल्या चटईवर उभे होते. मोहिनीची चटई दाराजवळ होती. दार लागलं आणि उष्णता तिच्या तोंडावर आली. त्यासरशी तिचे पाय मागे फिरायला लागले होते, पण ती थांबली.

सुरुवातीला नुसता श्वास, मग हात वर. तिचा उजवा हात खांद्यापर्यंतच गेला. मयुरी म्हणाली, तेवढाच पुष्कळ. घाम मानेवरून, पाठीवरून वाहायला लागला. बाकीचे वाकत होते, वळत होते. मोहिनी जमेल तेवढं करत होती आणि आतून एकेक खूण न्याहाळत होती. डोकं हलकं झालं. हे त्याला झालं असेल. कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू झाला. हेही झालं असेल. मयुरीनं दोनदा सांगितलं, काकू, बसा आता. मोहिनी बसली नाही. अजून थोडं, मग कळेल, असं ती स्वतःला म्हणत होती.

मग समोरची भिंत पांढरी झाली. छाती इतकी जोरात धडधडायला लागली की ती दुसऱ्याच कोणाची वाटावी. भीती आली, जनावराला येते तशी. तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटलेली, आवाज निघाला नाही. डोक्यात एकच गोष्ट उरली होती: पाणी. आकांक्षा नव्हती, कैलास नव्हता. ज्याच्यासाठी ती तिथं आली होती तो धीरजसुद्धा नव्हता.

मयुरीनं तिला काखेत हात घालून बाहेर आणलं. व्हरांड्यात थंड फरशीवर निजवून पाय बाकावर ठेवले, मानेवर ओला टॉवेल टाकला आणि चमच्याचमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजलं. जरा वेळानं भिंती, बाक, कैलासचा चेहरा असं एकेक आपल्या जागी आलं. मयुरीला राग आलेला दिसत होता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही मुद्दाम बसल्या नाहीत." मोहिनीनं हो म्हटलं आणि कारणही सांगून टाकलं, तीनचार वाक्यांत. मयुरीनं टॉवेल पुन्हा ओला करून तिच्या मानेवर ठेवला. मोहिनीची नाडी पुन्हा एकदा पाहून ती आत गेली. आत तिची माणसं वाट पाहत होती.

दोघंच राहिले. कैलास तिच्या उशाशी फरशीवर बसला होता.

"काय समजलं?" त्यानं हळूच विचारलं.

मोहिनी छताकडे पाहत होती. खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण त्याला पुरेल एवढं बळ तिच्यात नव्हतं.

"कोणाची आठवण येत नाही," ती म्हणाली. "आवाजच फुटत नाही. हाक मारली नसन त्यानं."

कैलास तिच्याकडे बघत राहिला. "खरं सांगून राह्यली?"

"हो. मारताच येत नाही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या आडून, तीन वर्षांत पहिल्यांदा, तो त्या दिवसाचं बोलला. त्या संध्याकाळी त्यानं दुकानात एक डिझेल इंजिन चालू करून ठेवलं होतं. गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून इंजिन धडधडत राहिलं, आणि मागं पटांगणात पोरगं. "मले वाटे, बाबा बाबा करत असन तो, अन् मी इंजिनापाशी उभा. रोज वाटे. इंजिन बंद असतं तर ऐकू आलं असतं मले."

"नाई," मोहिनी म्हणाली. "ऐकायले काई नव्हतंच."

तो रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, परक्या गावातल्या परक्या व्हरांड्यात, खांदे हलवून रडत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तिनं हात उचलला आणि ठेवला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरताना तिला दिसत होतं. त्यानं तीन वर्षं ज्याची भीती धरली, तिनं तीन वर्षं त्याचाच आधार धरला होता. जे सांगून तिनं त्याला सोडवलं, तेच तिच्या हातून सुटलं होतं. पोरानं आईला हाक मारली नव्हती. आई त्याच्या मनातही नव्हती. तो एकटाच होता, पुरता एकटा, आणि हे आता तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

हे तिनं कैलासला सांगितलं नाही.

आकांक्षाला तिनं फोनवर एवढंच कळवलं की तो वर्ग आपल्याला मानवला नाही. मयुरीनं मात्र तिला सोडलं नाही. खोली न तापवता सकाळी जो वर्ग चालतो त्यात तिनं मोहिनीला बोलावून घेतलं. आता मोहिनी आठवड्यातून दोनदा वर्ध्याला जाते. हात कानापर्यंत पोचतो, वेणी घालता येते. गरम खोलीचं दार बंद असतं, तिकडे ती पाहत नाही.

कैलासला झोप लागायला लागली. तो बोलायलाही लागला. जेवताना एखाद्या दिवशी धीरजचं काही तरी काढतो. लहानपणी स्पॅनर गिळायला निघाला होता, पहिल्यांदा सायकलवरून पडला तेव्हा रडला नाही, असलं काही. सांगताना हसतो सुद्धा. मोहिनी त्याच्या ताटात भाजी वाढते, ऐकते, मधेच हो म्हणते. तिला काय आठवतं, ते तो विचारत नाही, आणि ती सांगत नाही.