पायातली पिशवी

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझी मराठी अजून परीक्षेपुरतीच आहे. तरी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि मी गप्प बसलो होतो. म्हणून मलाच लिहायला हवं.

मी तेव्हा नाशिकला वसतिगृहात राहून बारावी करत होतो. धाकटी बहीण सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत. वय पंधरा. ती पळते. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि पळायचे बूट हवे होते. तिच्या शाळेतले खेळाचे सर म्हणाले होते, तिथल्या रबरी ट्रॅकवर अनवाणी पळालीस तर पाय सोलून निघतील. म्हणून आईनं तिला माझ्याकडं पाठवलं.

कॉलेज रोडवरचं दुकान. काचेचं दार. आत फरशी इतकी चकचकीत की तिच्यात दिवे दिसत होते. आम्ही दोघांनी चपला बाहेर काढल्या. आमच्याकडं सारवलेल्या घरात कुणी चपला घालून जात नाही. स्वच्छ जागा दिसली की पाय आपोआप थांबतात.

"ए, ए! कुठं?" रखवालदार आडवा आला. "चपला कुठंयत?"

"बाहेर काढल्या," मी म्हणालो.

काउंटरवरचा मॅनेजर हसला. "नवीन आयडिया बघा. येताना अनवाणी, जाताना बूट! लक्ष ठेव रे यांच्यावर."

सगळे हसले. बहीणही थोडी हसली. तिला कळलंच नव्हतं.

आम्ही बूट मागितले. कामावरच्या मुलानं डबा आणला, पण उघडला नाही. आधी एक प्लास्टिकची पिशवी तिच्यापुढं टाकली. "ही घाल पायात. बूट घाण झाला तर कोण घेणार?"

मला वाटलं, असेल इथला नियम. तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावर बघितलं. तिच्याच वयाची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिच्याभोवती चार जोड उघडे पडले होते. पिशवी नव्हती. "बेटा, जरा चालून बघ ना," दुकानातला दुसरा मुलगा तिला म्हणत होता.

बहिणीनं पिशवी घातली. बूट घातला. उभी राहिली. आत पाय घसरत होता, पिशवी चरचर वाजत होती. बसतो की नाही, काहीच कळेना.

"पिशवीशिवाय बघू का?" तिनं विचारलं.

"घ्यायचे तर असेच बघ. नाहीतर चल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मोठा भाऊ. मी म्हणालो, "सॉरी सर."

सॉरी. कशाबद्दल, ते मला आजही सांगता येत नाही.

तिनं बूट काढला. पिशवी काढली, घडी घालून बाकड्यावर ठेवली. "दादा, माला नको. चल."

मी रस्त्यात दुसरी दोन दुकानं दाखवली. ती एकाही दारात थांबली नाही. सरळ सीबीएस स्टँडवर गेली आणि गाडीत बसली.

आठ दिवसांनी मी एकटा त्या दुकानात गेलो. चपला घालून. मॅनेजरला विचारलं, "पिशवी फक्त माझ्या बहिणीलाच का?"

"कोण बहीण?"

त्याला आठवतही नव्हतं. मग मी गिऱ्हाइकांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. अर्ध्यातच रखवालदारानं दंड धरून बाहेर काढलं. काहीही बदललं नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या पोरांना कुणी असं वागवताना दिसलं, तर मी विचारणार. पुन्हा बाहेर काढलं तरी विचारणार. ते सॉरी माझं शेवटचं.

निवड चाचणी होऊन गेली. आमच्या पाड्यावर रेंज नाही. अकरा दिवस काही कळेना. बाराव्या दिवशी सरांचा फोन आला.

"अनवाणीच पळाली रे. तळपाय सोलले, पण थांबली नाही. चौथी आली. तिघींना घेतलं."