किल्ली बाहेर फेकणारा रक्षक

तो दिवस मी विसरलेलो नाही आणि घरच्यांनाही विसरू देत नाही. मी सुरुवात केली की नातवंडं ताटावरून उठतात. म्हणून आता लिहूनच काढतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. उसाअभावी कारखाना लवकर बंद पडला आणि तोडणीला गेलेली कुटुंबं वेळेआधीच परतली. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या सहकारी ग्राहक भांडारानं तीन मजली इमारत बांधली होती. लोक तिला मॉलच म्हणत. निम्मे खरेदीला येत, निम्मे गार हवा खायला. दारावर एक पन्नाशीचा सुरक्षारक्षक असे. लोकांच्या लेखी त्याचं काम म्हणजे सलाम ठोकणं, पिशव्या सांभाळणं आणि दारात चपला काढणाऱ्यांना "घालूनच चला" म्हणणं.

भरदुपारी ठाण्यात फोन आला. "साहेब, मॉलचा वाचमन येडा झालाय! शटर लावून माणसं कोंडलीत त्यानं!"

महिला शिपाई आणि इतर कर्मचारी घेऊन पोचलो. आतून शटर बडवणं चाललं होतं. समोरचा चहावाला धावत आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "शटरखालून फेकली त्यानं. म्हनला, पोलिसाबिगर कुनाला देऊ नको."

शटर उघडलं. रक्षक दारातच बसलेला, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. समोर भांडाराच्या एका संचालकांचा पुतण्या बाह्या सरसावून उभा.

"साहेब, याला आधी आत टाका! आमच्याच दुकानात आम्हाला कोंडतो!"

"का कोंडलं हो?" मी रक्षकाला विचारलं.

त्यानं भिंतीला धरून उभ्या असलेल्या एका ऊसतोड बाईकडे बोट केलं. "यांची लहान पोर हरवली, साहेब. दुसरं दार न्हाई, अन् मी हितून हललो न्हाई. पोर आतच हाय."

"मग किल्ली बाहेर का फेकली?"

"खिशात असती तर मार खाऊन दिली असती. मी काय लई धीट न्हाई, साहेब."

मी शटर पुन्हा ओढायला लावलं. "तपासून एकेकाला सोडतो," म्हणताच सगळी गर्दी माझ्या अंगावर आली. नोकरीत एक कळलं होतं, निर्दोष माणूस पोलिसावर मनसोक्त चिडतो. एकच बाई म्हणत होती, "साहेबाचं बरोबर हाय." तिच्या खांद्यावर, पदराखाली, मूल झोपलेलं. एवढ्या गोंगाटात!

"कोण आहे?"

"मुलगा हाय माझा. तापलाय."

महिला शिपायानं पदर सारला. मुलाच्या नव्याकोऱ्या शर्टाला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. टोपी काढली, तर दोन वेण्या बाहेर पडल्या. आईनं फोडलेली किंकाळी मला अजून ऐकू येते.

ठाण्यात ती पोर पळवणारी बाई आधी रडली, मग भांडली, शेवटी मागच्या गल्लीत जीप घेऊन थांबलेल्या साथीदाराचं नाव तिनं सांगितलं. तेवढ्यात संचालकांचा फोन. "रक्षकावर गुन्हा नोंदवा. लोकांना कोंडायचा अधिकार त्याला कुणी दिला?"

"नोंदवतो. मारहाणीचाही नोंदवतो. पुतण्याला पाठवा," मी म्हणालो. फोन कटला.

पोरीला गुंगीचं काहीतरी पाजलं होतं. सरकारी दवाखान्यात ती संध्याकाळी शुद्धीवर आली आणि शेजारच्या खाटेवरच्या रक्षकाचं सुजलेलं तोंड बघून तिनं भोकाड पसरलं. आई तिला गप्प करायला लागली.

"रडू द्या, ताई," तो टाके सांभाळत म्हणाला. "लई येळ गप होती."

नव्या भरतीच्या पोरांपुढे मी दरवर्षी धैर्यावर भाषण ठोकत असे. माझ्यामागे कायदा, कमरेला पिस्तूल, हाताखाली माणसं. त्याच्याजवळ फक्त एक शिट्टी, आणि आपण कुठवर टिकू याचा खरा अंदाज. 'शूर माणूस घाबरत नाही' हे त्या भाषणातलं पहिलं वाक्य होतं. पुढच्या वर्षी उभा राहिलो, तर ते तोंडातून निघेना.