हिंगण्याच्या बसमधली न जमणारी माणसं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. मनीषनगरला चढलं की हिंगणा येईपर्यंत दोनतीन आपोआप पदरात पडतात. त्यातले निम्मे एकाच प्रकारचे: लहानपणी कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि चाळिशीचा माणूस अजून तेच धरून बसलाय!

*

स्टोअरच्या वैशालीताई पोळ्या लाटत नाहीत. आठव्या वर्षी आत्या म्हणाली होती, "तुले गोल जमणार नाही वं." तेव्हापासून लाटणं सोडलं. पोळ्या नवरा करतो.

एकदा डबा उघडला तर एकही पोळी गोल नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याले लहानपणी कोणी सांगितलं नाही नं."

*

बसचे ड्रायव्हर गजभियेकाका लहानपणी सायकलवरून नालीत पडले.

"सायकल आपल्याले झेपत नाही गा," एका हातानं बावन्न सीटची बस वळवत ते सांगतात. "कंट्रोल नाही राहत."

*

आता माझंच. शाळेत सर म्हणाले होते, चित्रकला तुझं काम नाही. मी डिझाइन विभागात अठरा वर्षं मशीनची ड्रॉइंग काढतोय, तरी मुलीनं मोर मागितला तेव्हा घाम फुटला.

शेवटी काढला. समोरून, वरून आणि बाजूनं, मापांसकट.

*

वर्कशॉपमधला रामटेके मात्र खरंच अडकला होता. चौथीत तो स्टेजवर भाषण विसरला आणि अख्खी शाळा हसली. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडणं बंद. काम सोन्यासारखं, पण सुपरवायझर काही होईना.

यंदा साहेब म्हणाले, "सेफ्टी डेला शपथ तू दे. मग प्रमोशनचं बघू." एकानं वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी हात पुढे करून ते पुन्हा म्हणायचं, अशी आमच्याकडची पद्धत.

स्टेजवर सेफ्टी गॉगल सक्तीचा. तो घालायच्या नादात रामटेकेचा वाचायचा चष्मा लॉकरमध्ये राहिला. त्यानं कागद जवळ नेला, लांब नेला.

"पुढचं दिसून नाही राहिलं," तो माइकवर म्हणाला.

"पुढचं दिसून नाही राहिलं," तीनशे लोक गंभीरपणे म्हणाले.

"अबे, हे नाही म्हणायचं."

"अबे, हे नाही म्हणायचं." साहेबही म्हणाले.

रामटेकेनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. त्यानं कागद खिशात घातला.

"चालू मशीनमध्ये हात घालणार नाही."

तीनशे लोक म्हणाले.

"संध्याकाळी दहाही बोटं घरी नेईन."

तेही म्हणाले. माझे डोळे भरून आले.

मग रामटेकेनं घसा साफ केला.

"आजपासून रामटेके सुपरवायझर."

आणि तीनशे माणसांनी, साहेबांसकट, हात पुढे करून शपथ घेतली, "आजपासून रामटेके सुपरवायझर."