अळणी पाण्याची वाटी

पोट बिघडलंय म्हणून पेणच्या डॉक्टरांनी मला चिकन सूप सांगितलं. गॅसवर आलं-मिऱ्याची वाफ उठली आणि मला बाबा आठवले.

हमरापूरच्या याच घरात बाबा गणपती करायचे. मूर्तींचे डोळे आखायच्या दिवसांत ते मांसमच्छीला शिवत नसत. एका वर्षी ऐन त्या दिवसांत टायफॉइडनं ते पार खंगले, पोटात काही टिकेना. शेवटी आईनं परसात वेगळी चूल मांडली, कोंबडीचं अळणी पाणी केलं आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

"देव समजून घेईल. तुमी नाय घेतलंत तर मी पण जेवणार नाय."

बाबा डोळे मिटून प्यायले. मग नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिले. आत येऊन त्यांनी बारीक ब्रश माझ्या हातात दिला.

"आता डोळे तू आख गो."

चौदा वर्षांची मी हरखून गेले. मान मिळाला, असंच वाटलं. बरे झाल्यावरही त्यांनी तो ब्रश परत मागितला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आज सूप पिऊन मी नळाखाली हात धरलेत. पुढच्या शेडमध्ये मूर्ती डोळ्यांविना थांबल्यात. केव्हाची हात धुतेय, पण नळ बंद करवत नाही.