टीव्हीवर दिसलेला कांदा

विठ्ठल परब आमच्या कंपनीत सुतार होता, पण शुक्रवारच्या सुट्टीला बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या खोलीत त्याचा रुबाब संपादकाचा असे. जवळच्या झिंज भागात राहणारे शिरीष नावाचे अकाउंटंट मुंबईहून आलेला मराठी पेपर वाचून झाला की त्याला देत. विठ्ठल तो जेवणानंतर मोठ्याने वाचायचा. पेपर आठवडाभर पुरला पाहिजे म्हणून शेवटचं पान दाबून ठेवायचा आणि मागितलं की भाव खायचा.

वाचताना पदरचा मीठमसाला घालायची त्याला खोड. पण समोर महादेव बसलेला असे, मालवणकडचा रंगारी. प्रत्येक बातमीला त्याचं एकच, "कशावरसून?" मग विठ्ठलला तेच वाक्य पुन्हा वाचावं लागे, घातलेली भर पकडली जाई आणि भांडण पुढच्या पेपरापर्यंत पुरे. आम्हाला तेवढीच करमणूक.

पुढे वर्गणी काढून आम्ही रंगीत टीव्ही आणला. बातम्या अरबीत, आणि आमचं अरबी यल्ला, खलासच्या पुढे सरकलेलं नव्हतं. तरी सगळे पडद्याला डोळे लावून बसू लागले. पेपराची घडी उलगडायची राहून गेली. कालपर्यंत मिरवणारा माणूस कोपऱ्यात बसून नखं कुरतडताना बघून मला त्याची कीव यायची.

मग एके दिवशी तो टीव्हीशेजारी खुर्ची ओढून बसला आणि बातम्यांचा अर्थ सांगायला लागला. तुला अरबी कधी आलं, असं एकानेही विचारलं नाही. महादेवानेही नाही, आणि तेच विठ्ठलला लागलं. सगळे नुसत्या माना डोलवत होते. त्याला त्याचं भांडण परत हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी पडद्यावर बंदर दिसलं. एक जहाज, काही गोण्या, आणि नंतर गंभीर चेहऱ्याचा निवेदक. महादेव उसळलाच पाहिजे अशी धडधडीत थाप विठ्ठलने ठोकली.

"मुंबयसून येणारो कांदो बंद झालो."

महादेव उठला, चपला घातल्या आणि रहिमतुल्लाच्या दुकानातून कांद्याची गोणी खांद्यावर मारून आला. त्याच्या मागून बाकीचे धावले. आम्ही शहाणे, तेव्हा आम्हीही धावलो.

आता विठ्ठलची पाचावर धारण बसली. "अरे, माझ्या मनचां सांगितलंय," तो गयावया करू लागला. शेवटी इमारतीचा बहारिनी वॉचमन अहमद याला त्याने हाताला धरून वर आणलं. अहमदने तीच बातमी बघितली होती. "बंदर में नया क्रेन आया. बस, खलास," तो म्हणाला आणि गोण्या बघून हसत खाली गेला.

"त्याका तसां बोलाक वरसून सांगितलेलां असतलां," महादेव म्हणाला. मग विठ्ठलकडे वळला. "आणि तू गप रव. पेपर वाचताना थापाच मारी होतस, ता आमका म्हायत हा. पण ह्यां आमी डोळ्यांनी बघितलां."

दुसऱ्या दिवशी विठ्ठल आमलेटासाठी कांदा आणायला गेला, तर रहिमतुल्लाकडचा कांदा संपलेला. तो हात हलवत परत आला. खोलीत कांद्याच्या वासाने उभं राहवत नव्हतं. महादेवाने खाटेखालच्या गोणीतून एक कांदा काढला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि धाकट्या भावाला सांगावं तसं सांगितलं, "बातम्यो नीट बघीत जा रे."

विठ्ठलने कांदा घेतला. "बघतंय," म्हणाला.