बाळंतिणीसोबत एकच बाई

महामारी आली तेव्हा मी तरुण होते. पासष्टी उलटली होती, पण अक्कल यायला अजून अवकाश होता. तेव्हाच्या त्या तरुण बाईची, म्हणजे माझीच, आठवण आली की तिला समोर बसवून विचारावंसं वाटतं, का गं, एवढा कापूर कशाला आणलास?

कापूर आणला, कारण कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं की कापूर आणि ओवा फडक्यात बांधून हुंगत राहिलं की तो आजार दारातूनच परत जातो. समुद्रपूरच्या आमच्या गल्लीत ही बातमी दुधाच्या आधी पोचली. किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढून ठेवलं होतं. गिऱ्हाईक वाकून आत जायचं आणि पोलिसाची गाडी दिसली की आतच बसायचं. मीही वाकले. कापूर घेतला, ओवा घेतला, तूरडाळ, साखर, चहापत्ती आणि मीठ. मीठ संपणार असं कोणीच म्हटलं नव्हतं. पण पुढची बाई घेत होती, मग मी काय तिच्यापेक्षा गरीब होते?

अर्थात माझ्या साठ्याला आजारापेक्षा मोठं कारण होतं. ते कारण आमच्या समोरच्या खोलीत बसलं होतं आणि नात्याने माझी विहीण लागत होतं.

सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. तिचं माहेर वरोऱ्याकडे. एरवी बसमध्ये एक डुलकी काढली की आलं. पण आता मध्ये जिल्ह्याची हद्द उभी होती आणि हद्दीवर बांबू आडवे टाकून पोलीस. अवघडलेल्या पोरीला त्या उन्हात तिथे ताटकळत कोण ठेवणार? म्हणून पोर तिकडे जायच्या ऐवजी तिची आईच पास काढून इकडे आली. आल्या आल्या आरोग्यवाल्यांनी तिच्या हातावर शिक्का मारला आणि सांगितलं, काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, कोणाला चिकटायचं नाही.

तिच्या गाडीतून सामान उतरू लागलं. डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. आणि शेवटी शेगडीसाठी पोतंभर गोवऱ्या. आमच्या तालुक्यातल्या गाईंचा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

"काऊन वो इहीनबाई," मी दारातूनच विचारलं, "आमच्या इकडे काई भेटत नाई असं वाटलं का तुमाले?"

"भेटते ना," ती मास्कच्या आतून म्हणाली. "पण पयलं बाळंतपण मायचं असते. सामान बी मायचं, अन् हात बी मायचेच."

लग्नात या बाईने माझे पाय धुतले होते. मी तिच्या हातांवर सॅनिटायझर ओतलं. जरा जास्तच ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या अर्ध्या शटरखाली वाकले आणि डिंक, खारीक, खोबरं सगळं तिच्यापेक्षा वरचढ घेऊन आले. आता एका घरात एका बाळंतिणीसाठी दोन साठे झाले. माझा स्वयंपाकघरात, तिचा समोरच्या खोलीत. मी इकडे कढईत डिंक फुलवला की तिकडे खलबत्ता सुरू व्हायचा. खारीक कुटायला एवढा जोर लागत नाही. तो आवाज माझ्यासाठी होता. मग मीही उलथनं कढईवर आपटायची.

बाळंतीण व्हायच्या आधीच सून लाडवांना कंटाळली. "आई, तुमचे लाडू बी ठेवा, मम्मीचे बी ठेवा," ती म्हणायची. "मले फक्त कूलरसमोर बसू द्या." मला ती आई म्हणते आणि स्वतःच्या आईला मम्मी. दिवसभर ती कूलरसमोर बसायची आणि संध्याकाळी समोरच्या खोलीच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून मम्मीशी हळूहळू बोलायची. पोर भ्याली होती, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की खुर्ची माझ्या स्वयंपाकघराकडे पाठ करून आहे.

मग एक दिवस मुलगा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात विचारपूस करून आला. चपला बाहेर, कपडे बादलीत, आणि अंघोळ करून ओल्या डोक्यानेच त्याने सांगितलं, "बाळंतिणीसोबत एकच बाई राहू देते. अन् तिचा रिपोर्ट निगेटिव्ह पायजे."

खलबत्ता थांबला.

"मी जाते," मी म्हटलं. "मी जाते," बंद दारामागून आवाज आला. दोन्ही वाक्यं इतकी बरोबर पडली की मुलाला हसू आलं आणि त्याने ते टॉवेलमध्ये पुसलं.

"दोघीही टेस्ट करा," तो म्हणाला. "मग पाहू."

पाहू म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. दोघी निगेटिव्ह आलो तर सुनेला विचारणार. ती शहाणी पोर जमिनीकडे पाहणार आणि हळूच म्हणणार, मम्मी. मग मी घरी कढई घासत बसायचं. सुनेची काळजी मला नव्हती असं नाही. होती. पण त्या तरुण बाईच्या छातीत काळजीहून मोठं काहीतरी फुगलं होतं. तिला नातवंडाचं तोंड सगळ्यांत आधी पाहायचं होतं, आणि विहिणीच्या आधी तर पाहायचंच होतं.

गिरडच्या टेकडीवरचा दर्गा तेव्हा बंद होता. म्हणून मी गच्चीवर गेले आणि टेकडी जिकडे असावी तिकडे तोंड करून हात जोडले. सुनेची सुखरूप सुटका मागितली. माझा रिपोर्ट निगेटिव्ह मागितला. विहिणीचं काही मागितलं नाही. राहून गेलं म्हणा.

टेस्ट म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की तयारी आली, असा माझा समज. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या. नाकात तेल सोडलं. काढा इतका प्याले की आतून कातडं कमावल्यासारखं वाटत होतं. जाताना ठेवणीतली साडी नेसले आणि कापराची पुरचुंडी पदराला बांधली. जणू नाकात घालायच्या त्या काडीला माझी परिस्थिती बघून मार्क द्यायचे होते.

सरकारी दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. अंतर ठेवायला चुन्याचे गोल आखले होते आणि सगळी माणसं गोल सोडून सावलीत गोळा झाली होती. आत पांढऱ्या सूटमध्ये शिजत असलेला एक पोऱ्या हातात लांब काडी घेऊन उभा होता. आधी सुनेचं झालं. तिने डोळे मिटले, उघडले, झालं. मग माझा नंबर.

"आजी, मान वर करा. हालू नका."

मी हालले नाही. मी फक्त त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. काडी आत गेली तशी मला पलीकडच्या जन्मातली माणसं दिसू लागली. मी अशी शिंकले की तो पोऱ्या, त्याचा स्टूल आणि स्टुलावरचा डबा एकदमच मागे सरकले.

"आजी, हात सोडा ना! दुसऱ्यांदा करा लागन आता."

"दुसऱ्यांदा? मेल्या, आतमंदी काई ठेवलं हाये का रे मी?"

दुसऱ्यांदाही केलं. मग विहीण आली. पदर नीट घेऊन बसली, मान वर केली आणि काडी आत-बाहेर होईपर्यंत भिंतीवरचं पोस्टर वाचत राहिली. पोऱ्या मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "पाहा, ह्या आजी कशा बसल्या."

परतताना मी कोणाशी बोलले नाही. नाक दुखत होतं हे एक कारण.

रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला. त्याने आधी स्वतः वाचला आणि मग आमच्याकडे न पाहता सांगितलं. सून निगेटिव्ह. मी निगेटिव्ह. विहीण पॉझिटिव्ह. जिला आल्यापासून एक शिंक आली नव्हती, जी दोन दारांच्या आड खारीक कुटत बसली होती, ती.

तोंडावर मास्क होता म्हणून बरं झालं. नाहीतर त्या घटकेला माझ्या मुलाला त्याच्या आईचं हसू दिसलं असतं.

गाडी तिला न्यायला आली. सिंदी मेघेकडे एका वसतिगृहात अशा लोकांना ठेवत होते. गल्लीतली सगळी दारं बोटभर उघडी झाली. रोज माझ्याकडून विरजण नेणारी शेजारीण खिडकीतून असं पाहत होती, जणू आमच्या घरातून मुडदा निघतोय आणि तिला त्याची ओळख दाखवायची नाही. सून दारात आली तर मुलाने तिला खांद्याला धरून मागे ओढलं. ती रडत होती. विहीण रडली नाही. तिने दुपट्यांचं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिली.

"दोन दिस उनात वाळवा अन् मंग लेकराखाली घाला," ती मला म्हणाली. "अन् पोरीले कळा आल्या का कंबर दाबून द्या. पाठ नाई, कंबर. खाली. जोर लावून."

"मले शिकवता का आता?"

"शिकवत नाई वो. सांगून राह्यली." गाडीच्या पायरीवरून ती पुन्हा वळली. "ते लय भेते. लहानपनापासून. मले दाखवत नाई, पण भेते."

गाडी गेली. मी जिंकले होते. समोरच्या खोलीत औषध फवारणारे आले, त्यांनी खलबत्त्यावरसुद्धा फवारलं. त्याचा आवाज आता येणार नव्हता. स्वयंपाकघर पुन्हा माझं एकटीचं झालं होतं. सून कूलरसमोर बसली होती, पण कूलर लावलेलाच नव्हता. ते माझ्याही बराच वेळ लक्षात आलं नाही.

कळा पहाटे सुरू झाल्या. दवाखान्यात पोचलो तर विहीण पॉझिटिव्ह म्हणून आम्हा दोघींना टोकाच्या एका वेगळ्या खोलीत ठेवलं. मुलगा फाटकाबाहेर. खोलीत सून, मी आणि एक पंखा, जो फिरत होता की नाही हे बघायला टक लावून पाहावं लागायचं. सिस्टर यायची, तपासायची, "अजून वेळ आहे" म्हणायची आणि जायची.

मग मी माझं काम सुरू केलं. म्हणजे बोलायला लागले. "आमच्या टायमाले असं काई नव्हतं गं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी सकाळी भाकरी टाकून, भांडे घासून, मंग आडवी झालती. तोंडातून आवाज नाई." असं मी ठणकावून सांगितलं. खरं असं की त्या दिवशी मी एवढी बोंबलले होते की सुईणीने माझ्या तोंडात माझाच पदर कोंबला होता. पण ती तर आणखी तरुण बाई होती. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

सून माझी गोष्ट ऐकत होती आणि पलंगाची दांडी घट्ट धरत होती. मी पाठ चोळली. वरून खाली, खालून वर, प्रेमाने.

"आई," ती दात आवळून म्हणाली, "चूप बसा ना थोडा वेळ. अन् मम्मीले फोन लावा. चेहरा दिसते तो."

मी चूप बसले. असं मला कोणी म्हणालं तर आमच्याकडे चूल पेटत नसे. पण तिचा चेहरा बघितला आणि गुपचूप फोन शोधला. चेहरा दिसणारा फोन मला लावता येत नव्हता. तीच मध्येच श्वास टाकत सांगत गेली, इथे दाबा, हिरवं दाबा. एकदम विहीण समोर आली. मागे वसतिगृहाची भिंत, खांद्यावर टॉवेल. पहाटेपासून फोन हातातच घेऊन बसली असावी, घंटी पुरती वाजलीही नव्हती.

"मम्मी," सून म्हणाली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं रडली.

"रडून घे. मंग श्वास घे. नाकानं. माह्यासंगं घे." आणि मग मला, "इहीनबाई, तुमचा हात कुठं हाये?"

"पाठीवर."

"खाली घ्या. अजून खाली. हां. आता तळहाताच्या खालच्या बाजूनं. भिऊ नका, मोडत नाई ते."

मी दाबलं. सुनेचा खांदा सैल पडला. मला ते हाताला कळलं. मग दर कळेला असंच. एका हाताने कंबर, दुसऱ्या हातात उंच धरलेला फोन. हात भरून आला तर हात बदलायचा. फोन जरा खाली गेला की दोघी मायलेकी एकदम ओरडायच्या, "वर धरा!" गिरडच्या टेकडीकडे हात जोडून मी जी जागा मागून घेतली होती, ती अशी होती. लग्नात मांडवाचा खांब असतो तशी. पण सांगते, त्या खांबाला हलावंसं वाटलं नाही.

शेवटी सिस्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. फोन आत चालणार नाही म्हणाली. मी दाराबाहेर बाकावर बसले, हातात विहीण. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. तिने विचारलं, "काई आइकू येते का?" मी म्हटलं, "नाई." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मध्येच तिच्याकडचं चित्र अडकायचं, तोंड उघडं राहायचं, आणि मी फोन हलवून बघायची. आतून सुनेचा आवाज आला. मग काहीच नाही. मग एक बारीक, चिडलेला, अगदी नवा आवाज.

दार उघडलं. "बाई बरी आहे," सिस्टर म्हणाली. "हे बघा, आजी."

मी उठले. पुढे झाले. मास्कमधून माझा श्वास इतक्या जोरात वर आला की चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. एका हातात फोन, दुसरा सुजल्यासारखा जड, चष्मा काढायला तिसरा हात नाही. समोर धुकं, आणि धुक्यात काहीतरी गुंडाळलेलं हलत होतं. मी नुसता फोन पुढे केला.

"अवो बाप्पा!" विहीण फोनमधून ओरडली. "पोरगी हाये! पोरगी हाये वो!"

"कशी हाये?" मी विचारलं. "इहीनबाई, सांगा ना, कशी दिसते? मले काईच दिसून नाई राह्यलं."

तिकडून नुसता धापेसारखा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, मला काय दिसणार?

"थांबा ना जरा," ती म्हणाली. "मले तं पोटभर पाहू द्या."