स्लाइड बघायच्या आधीच

मी असलं काही मानत नाही. उलट भुताचा आवाज काढून होस्टेलच्या पोरांना पांघरुणात कोंबणारा तो मीच! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

१९८९, एप्रिल. मी जळगावला कॉलेजात, तिथंच मेहरूण भागात खोली. मोठी बहीण – अक्का – भडगावला दिलेली. तिच्या छातीत गाठ लागली. सासरी "साड्या घ्यायला जाते" म्हणून सांगितलं, लेकराला सासूजवळ ठेवलं आणि आली माझ्याकडे.

तिला सर्जनकडे नेलं. ते म्हणाले, "आधी गाठ कापून तुकडा मुंबईला पाठवायचो. रिपोर्ट येईस्तोवर माणूस अर्धा व्हायचा. आता बारीक सुईनं गाठीतलं थोडं ओढायचं, काचेवर पसरायचं, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. कॅन्सर आहे की नाही, आजच कळेल."

सुई टोचून झाली. काचा आत ठेवल्या. पण त्या बघणारा डॉक्टर धुळ्याहून यायचा होता आणि एसटी लेट! आम्ही बाहेर बाकड्यावर.

"मना जीव घाबरी ऱ्हायना रे भाऊ," अक्का म्हणाली.

मग मी सर्जनची नक्कल केली. कंपाउंडरची केली. ती जराशी हसली.

"आते तो धुयाना डाक्टर करी दखाड."

"अगं, त्या धुळ्याच्या डॉक्टरला मी पाहिलंय कुठं?"

"तुले काय लागस? कर!"

मी तोंड उघडलं... आणि चालू न होणाऱ्या स्कूटरला किक मारावी तसा दोनदा घसा खाकरला. मग नाकातून, एकदम बारीक आवाजात – "हे बघा ताई, गाठ आहे, पण गरीब आहे. हिला घाबरून तुम्ही कशाला आजारी पडता?"

अक्का खो-खो हसली. मी नाही हसलो. नक्कल करायची तर आधी गळ्यात आवाज शोधावा लागतो. हा मी शोधलाच नव्हता. आपोआप आला.

थोड्या वेळानं बॅग घेऊन एक पैलवानासारखा माणूस घामाघूम होत आत शिरला. म्हटलं, गेली आपली नक्कल, हा तर ढोलासारखा बोलणार! अक्कानं माझं मनगट जे धरलं, ते सोडेचना.

दार उघडलं. पैलवान बाहेर आला. खाकरला... दोनदा. आणि नाकातून, बारीक –

"हे बघा ताई, गाठ आहे, पण गरीब आहे."

"हिला घाबरून मी कशाला आजारी पडू?" अक्कानं वाक्य पुरं केलं आणि रडायलाच लागली.

डॉक्टर बघतच राहिले. "अहो, हेच म्हणणार होतो मी! कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच बोलले ना मघाशी!" अक्का डोळे पुसत म्हणाली.

"मी? मी तर आत्ता एसटीतून उतरलो!"

कॅन्सर नव्हता. मग काय, साड्या खरंच घ्याव्या लागल्या. दोन घेतल्या, एक सासूला.

मित्र म्हणतात, हा डॉक्टर तू आधी कुठंतरी ऐकला असशील. बरं, ऐकला. आवाज ऐकला, वाक्यही ऐकलं... पण स्लाइड? ती तर तेव्हा त्यानंसुद्धा बघितली नव्हती! नंतर गल्लीतल्या एका काकूंच्या तपासणीच्या वेळी मला मुद्दाम बसवलं. अर्धा तास खाकरलो. काही नाही आलं.

अक्का आज ठणठणीत आहे. मी अजून डोकं खाजवत बसलो की म्हणते, "माले जे पाह्यजे व्हतं ते भेटनं. तू बस शोधत."

बसलोय.